पिकअपला जीपीएस बसवताय? नाशिककर गाडीमालकांसाठी सुरुवातीपासून

द्राक्षाचा सीझन जवळ आला की आमच्या गाडीमालकांच्या ग्रुपवर हा प्रश्न येतोच, "भाऊ जीपीएस कुठला घेऊ", आणि मग खाली लगेच डीलरचे नंबर पडायला लागतात. नंबर मिळतो, डिव्हाईस बसतं, महिनाभराने तोच माणूस परत विचारतो की गाडी वाशीला गेली तरी मॅपवर घोटीलाच का दिसतेय. म्हणून हे सगळं एकदाच लिहून टाकतोय. ज्यांच्याकडे एक-दोन पिकअप, छोटा हत्ती किंवा फारफार तर एखादी आयशर आहे त्यांच्यासाठी हे आहे, शंभर गाड्यांच्या ट्रान्सपोर्टवाल्यांना यातलं बरंचसं माहीत असणार.

१. आधी ठरवा, तुम्हाला नेमकं काय कळायला हवंय

हे कुणी करत नाही, सगळे थेट रेट विचारतात. पण "गाडी कुठंय" हे एकच हवं असेल तर साधं डिव्हाईस पुरतं. गाडी लासलगावच्या मार्केटमध्ये किती वाजता शिरली, लिलावासाठी किती वेळ उभी राहिली, इंजिन चालू ठेवून किती वेळ थांबली हे हवं असेल तर इग्निशनची, म्हणजे चावीची वायर जोडलेलं डिव्हाईस लागतं. आणि डिझेल चोरी पकडायची असेल तर नीट ऐका, नुसत्या ट्रॅकरला टाकीत किती डिझेल आहे ते कळत नाही. त्याला वेगळा फ्युएल सेन्सर लागतो, तो टाकीच्या मापाप्रमाणे कॅलिब्रेट करावा लागतो, आणि त्याचा खर्च वेगळा. "आमच्या जीपीएसमध्ये डिझेल पण दिसतं" असं कुणी म्हणालं तर विचारा की सेन्सर कुठाय. बऱ्याचदा ते किलोमीटरला ॲव्हरेजने भागून काढलेला अंदाज दाखवत असतात. तसंच द्राक्ष, भाजीपाला रेफरमधून, म्हणजे थंड ठेवणाऱ्या गाडीतून जात असेल तर तापमानाचा सेन्सर, तोही वेगळाच. गरज कागदावर लिहा, मग दुकानात जा.

२. हे चालतं कसं

यात तीन गोष्टी आहेत आणि तुमच्या नव्वद टक्के तक्रारी पहिलीच्या नसतात.

पहिली, उपग्रहाचा सिग्नल ऐकणारी चिप. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि सतत स्वतःची वेळ आणि जागा सांगत असतात. निदान चार उपग्रह ऐकू आले की चिप हिशोब करून आपली जागा काढते. म्हणजे उपग्रहाला तुमची गाडी माहीतच नसते हो, तो फक्त बोलतो, ऐकायचं काम आपलं. दुसरी गोष्ट सिम, ती ही जागा मोबाईल नेटवर्कवरून पाठवते. तिसरी म्हणजे सर्व्हर, जिथं ती माहिती जमा होते आणि तुमच्या ॲपमध्ये दिसते.

त्यामुळे पेठ, सुरगाणा, हरसूलकडे रेंज गेली म्हणून "जीपीएस बंद पडलं" म्हणू नका. जीपीएस चालूच असतं, सिमला बाहेर पाठवता येत नसतं एवढंच. चांगलं डिव्हाईस तेवढ्या वेळाचे पॉइंट पोटात साठवतं आणि रेंज आली की एकदम ओततं. विकत घेताना हे साठवायचं फीचर आहे का हे विचाराच, घाटात आणि आडगावांत फिरणाऱ्या गाडीला ते नसेल तर उपयोग नाही.

"नाविक"वाला घ्या असं हल्ली फार सांगतात. नाविक ही इस्रोची आपली यंत्रणा, सात उपग्रहांची योजना, भारत आणि आजूबाजूला साधारण १५०० किलोमीटरपर्यंतची. जुन्या काही उपग्रहांतली अणुघड्याळं बिघडली, म्हणून नवीन मालिका सुरू झाली. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ वर स्वदेशी घड्याळ आहे. जानेवारी २०२५ मध्ये गेलेला एनव्हीएस-०२ मात्र ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. सांगायचं कारण एवढंच की नुसत्या नाविकच्या भरवशावर बसू नका, जीपीएस, रशियाचं ग्लोनास, नाविक सगळं ऐकणारी चिप घ्या, आज बहुतेक डिव्हाईस तशीच येतात.

३. सक्ती कुणाला आहे ते आधी समजून घ्या

एआयएस १४० हे नाव कानावर पडेल. हे वाहन ट्रॅकिंगचं सरकारी मानक आहे आणि मोटार वाहन नियमांतल्या १२५ एच या नियमाखाली ते मुख्यतः प्रवासी गाड्यांसाठी आहे, म्हणजे बस, टॅक्सी, टुरिस्ट परमिटच्या गाड्या. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या अशा नव्या गाड्यांना ट्रॅकर आणि लाल पॅनिक बटण लागतं. दुचाकी, तीनचाकी रिक्षा, ई-रिक्षा यांना त्यातून सूट आहे.

तर तुमची माल वाहणारी साधी पिकअप असेल आणि डीलर "दादा हे कम्पल्सरी आहे, पासिंगच होणार नाही" म्हणून महागाचं डिव्हाईस गळ्यात मारत असेल तर आधी पेठ रोडच्या आरटीओत जाऊन किंवा ओळखीच्या एजंटकडून खात्री करा. गॅस किंवा धोकादायक माल वाहणाऱ्या मोठ्या गाड्यांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी तर विचारायलाच हवं. उलट तुमची टुरिस्टची गाडी असेल, त्र्यंबक-शिर्डी-वणी करत असाल, तर स्वस्तातलं ऑनलाईन मागवलेलं डिव्हाईस फिटनेसला चालणार नाही. ते मंजूर मॉडेल हवं, त्याची सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर नोंद व्हायला हवी आणि फिटमेंट सर्टिफिकेट हातात हवं. सर्टिफिकेट "नंतर व्हॉट्सॲप करतो" म्हणाले तर पैसे पण नंतर.

४. पैसे टाकण्याआधी जुन्या मोबाईलवर करून बघा

घरात ड्रॉवरमध्ये पडलेला अँड्रॉइड फोन काढा. ट्राकार (Traccar) नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, त्याचं फोनसाठीचं ॲप टाका, फोनमध्ये डेटा असलेलं सिम घाला आणि फोन गाडीच्या डॅशबोर्डवर चार्जिंगला लावून दोन-चार फेऱ्या होऊ द्या. फोनचं ॲप सर्व्हरशी ५०५५ या पोर्टवर बोलतं, चाचणीपुरता त्यांचाच डेमो सर्व्हर वापरता येतो. फोनची बॅटरी सेव्हर सेटिंग या ॲपसाठी बंद करा नाहीतर फोन अर्ध्या तासात ॲप झोपवून टाकेल आणि तुम्हाला वाटेल ॲपच बेकार.

एवढ्यात तुम्हाला कळेल की आपण खरंच रोज मॅप बघणार आहोत का. काही जणांना कळतं की व्हॉट्सॲपचं लाईव्ह लोकेशन आठ तासांसाठी शेअर केलं तरी आपलं भागतंय. मग कशाला दर वर्षी रिन्युअल भरायचं, मिटलं की.

५. डिव्हाईस कुठलं

तीन प्रकार मिळतात. वायरिंगवालं, जे बॅटरीला जोडून डॅशबोर्डच्या आत लपवतात. ओबीडीवालं, जे स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये नुसतं खोचायचं, बसवायला सोपं आणि काढायला त्याहून सोपं, ड्रायव्हरला नको असेल तर पायानेच निघतं. आणि चुंबकवालं बॅटरीचं, ट्रॉली-कंटेनरला ठीक, पण चार्ज करावं लागतं आणि बॅटरी वाचवायला ते बराच वेळ झोपलेलं असतं. पिकअपला वायरिंगवालंच घ्या, माझं मत ठाम आहे.

एअरटॅगसारखे ब्लूटूथचे टॅग गाडीच्या ट्रॅकिंगला घेऊ नका. ते स्वतः काही पाठवत नाहीत, आजूबाजूने आयफोनवाला गेला तर कळतं. दिंडोरीच्या मळ्यात रात्री दोनला कोण आयफोन घेऊन जाणार आहे.

आता सगळ्यात मोठा सापळा. बाजारात अजून नुसत्या टूजीवर चालणारी डिव्हाईस स्वस्तात विकतात. जिओचं टूजी नेटवर्क नाहीच, त्यामुळे त्यात जिओचं सिम घातलं तर काही केल्या चालत नाही आणि लोक डिव्हाईस खराब म्हणून परत पाठवतात. टूजीला फार भविष्यही नाही. थोडे जास्त गेले तरी फोरजी घ्या, शक्यतो खाली टूजीवर पण उतरता येणारं.

आत छोटी बॅटरी आहे का बघा, म्हणजे कुणी गाडीच्या बॅटरीची वायर काढली तर डिव्हाईस मरण्याआधी "पॉवर कट" असा अलर्ट टाकतं. पिकअप १२ व्होल्टची असते, मोठे ट्रक २४ चे, डिव्हाईसवर ९ ते ९० व्होल्टसारखी रेंज लिहिलेली असेल तर दोन्हीकडे चालतं.

६. सिम कुणाच्या नावावर हे बघा

डीलर सिमसकट डिव्हाईस देतो, ते मशीनसाठीचं १३ अंकी नंबरचं सिम असतं. सोयीचं आहे, पण सिम त्याच्या नावावर आणि सर्व्हर पण त्याचाच, म्हणजे उद्या त्याने रिन्युअल दुप्पट केलं तर तुमच्याकडे नुसता डबा. पहिल्या वर्षी जवळपास फुकट आणि दुसऱ्या वर्षापासून खरी वसुली, हा या धंद्यातला जुना खेळ आहे. घेण्याआधी दोनच प्रश्न विचारा: दुसऱ्या वर्षाचा रेट बिलावर लिहून देणार का, आणि मी सर्व्हर बदलला तर डिव्हाईसचा पासवर्ड देणार का. दुसऱ्यावर आढेवेढे घेतले तर दुसरीकडे बघा.

स्वतःच्या नावाचं सिम टाकणार असाल तर सिमचा पिन लॉक काढून टाका, एपीएन (सिमचं इंटरनेट चालू करणारी सेटिंग) कंपनीचा बरोबर भरा, आणि वैधता संपू देऊ नका.

७. कागदपत्रं आणि सामान

साध्या ट्रॅकरला फार काही लागत नाही, सिमच्या केवायसीला आधार-पॅन, फर्मच्या नावाने घेत असाल तर जीएसटी किंवा उद्यमचं सर्टिफिकेट. एआयएस १४० ला आरसी, इन्शुरन्स, परमिट, चॅसी आणि इंजिन नंबर, मालकाचं आधार, आणि मुख्य म्हणजे वाहन पोर्टलवर जो मोबाईल नंबर नोंदलाय तो चालू हवा, कारण ओटीपी तिकडेच जातो. जुन्या मालकाचा किंवा एजंटचाच नंबर तिथं पडलेला असतो, तो आधी बदलून घ्या, नाहीतर सगळं बसवून झाल्यावर ओटीपीसाठी फोनाफोनी.

बसवताना १५ अंकी आयएमईआय नंबरचा, म्हणजे डिव्हाईसच्या ओळख नंबरचा फोटो काढून ठेवा. डिव्हाईस डॅशबोर्डच्या आत गेलं की तो नंबर कुणालाच दिसत नाही आणि पुढं प्रत्येक ठिकाणी तोच विचारतात.

८. बसवणं

द्वारका, मुंबई नाका, आडगाव ट्रक टर्मिनलच्या बाजूला गाडीच्या वायरिंगचं काम करणारे भरपूर आहेत. ओळखीचा वायरमन असेल तर डीलरच्या पोरापेक्षा तो बरा, कारण तुमची गाडी त्याला माहीत असते. साधारणपणे लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी बॉडी अर्थला, नारिंगी इग्निशनला असते, तरी डिव्हाईसबरोबर आलेला कागद बघूनच जोडा. लाल वायर कायम करंट असलेल्या जागेवरून घ्या आणि मध्ये फ्यूज टाका. ती चावीच्या वायरवरून घेतली तर गाडी बंद केली की ट्रॅकर पण आतल्या बॅटरीवर जातो आणि रोज रात्री पॉवर कटचे खोटे अलर्ट येतात. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीची वायर कापू देऊ नका, आधी सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या.

जागा कुठली? चिपला आकाश हवं. प्लास्टिक, काच, फोमच्या खाली चालतं, जाड पत्र्याखाली नाही. डॅशबोर्डच्या वरच्या प्लास्टिकखाली, सरळ बाजू वर करून, पट्टीने घट्ट. हीटरच्या डक्टजवळ नको.

आता इंजिन बंद करायचा रिले, म्हणजे दुरून चालणारा स्विच. मोबाईलवरून गाडी बंद, सगळ्यांना हे फीचर फार आवडतं आणि मला त्याचीच भीती वाटते. चालत्या गाडीचं इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग जातं, ब्रेकचा बूस्टर थोड्याच वेळात जातो, आणि हे कसारा घाटात भरलेल्या गाडीला झालं तर विचार करा. बसवायचाच असेल तर गाडी उभी असतानाच काम करेल असं सेटिंग असलेला रिले घ्या, आणि ते सेटिंग मोकळ्या जागेत, अगदी कमी स्पीडला, वायरमनसमोर तपासून घ्या. मी म्हणेन लावूच नका.

बसवल्यावर पासवर्ड बदला, त्याच दिवशी. बऱ्याच डिव्हाईसचा आणि ॲपचा मूळ पासवर्ड १२३४५६ असतो. २०२२ मध्ये मायकोडस कंपनीच्या एमव्ही ७२० या ट्रॅकरमध्ये अशाच गंभीर त्रुटी सापडल्या होत्या आणि अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने जाहीर इशारा दिला होता, बाहेरचा माणूस गाडीचं लोकेशन बघू शकत होता आणि इंधनही तोडू शकत होता. रिलेबद्दल मी का कुरकुरतोय ते आता कळलं असेल.

९. पहिल्या ट्रिपला काय तपासायचं

वेळ बघा. गाडी सकाळी साडेनऊला निघाली आणि रिपोर्टमध्ये चार दिसतंय तर डिव्हाईस बिघडलेलं नाही, ॲपचा टाइम झोन जागतिक वेळेवर राहिलाय, बरोबर साडेपाच तासांचा फरक. सेटिंगमध्ये भारतीय वेळ करा.

मग फास्टॅगचे मेसेज काढा आणि घोटी किंवा पिंपळगावच्या टोलची वेळ मॅपवरच्या वेळेशी ताडून बघा. एवढी सोपी, फुकटची पडताळणी दुसरी नाही.

किलोमीटर मीटरशी तंतोतंत जुळणार नाहीत. ट्रॅकर दोन पॉइंटमध्ये सरळ रेघ धरतो, त्यामुळे घाटातली वळणं कापली जातात. गाडी ताशी ६० ने चालली तर मिनिटाला एक किलोमीटर जाते, म्हणजे मिनिटाला एक पॉइंट ठेवला तर कसारा घाटाची अख्खी वळणं गायब. १० सेकंदांना साधारण १६७ मीटर, ते बरं दिसतं. चालताना १० ते ३० सेकंद आणि उभी असताना पाच मिनिटं, एवढं पुरे. उलट पत्र्याच्या शेडमध्ये उभी गाडी मॅपवर इकडेतिकडे नाचताना दिसेल आणि बसल्या जागी किलोमीटर वाढतील, तो भिंतीवरून-पत्र्यावरून येणाऱ्या सिग्नलचा घोळ आहे, रात्री गाडी कुणी पळवली नाही.

समृद्धीने मुंबईकडे जाणाऱ्यांसाठी खास: इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि त्यात इगतपुरीजवळ जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा आहे. आत उपग्रह दिसत नाही, गाडी तोंडाशी थांबल्यासारखी दिसेल आणि मग एकदम पलीकडे उगवेल. ड्रायव्हरला फोन करून "का थांबलास" म्हणून ओरडू नका.

१०. जिओफेन्स

जिओफेन्स म्हणजे मॅपवर आखलेली हद्द, गाडी आत आली किंवा बाहेर गेली की मेसेज येतो. गोल काढण्यापेक्षा यार्डाच्या कंपाउंडप्रमाणे बहुकोन काढा. यार्ड हायवेच्या कडेला असेल आणि तुम्ही ५०० मीटरचा गोल टाकला तर नुसती हायवेने गेलेली गाडी पण "पोचली" दाखवेल. अगदी छोटा पण नको, ५० मीटरच्या आत सिग्नलच्या चुकीनेच आत-बाहेर मेसेज येत राहतात.

पत्ता टाकण्याऐवजी अक्षांश-रेखांश टाकणार असाल तर क्रम सांभाळा. नाशिक साधारण २०.०० आणि ७३.७९, आधी अक्षांश. उलटं टाकलं तर तुमचं मार्केट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातं. केएमएल फाईलमध्ये (मॅपवरच्या जागा साठवायची फाईल) मात्र रेखांश आधी असतो, तिथं लोक हमखास फसतात.

अलर्ट सगळे चालू करू नका. पॉवर कट, जिओफेन्स, रात्री इग्निशन चालू, एवढे तीन ठेवा. स्पीडचा अलर्ट ठेवला तर दिवसभर फोन वाजत राहतो आणि आठवड्याने तुम्ही सगळेच म्यूट करता.

११. ड्रायव्हरला आधी सांगा

गुपचूप बसवलेलं डिव्हाईस ड्रायव्हरला आठवड्यात सापडतंच, आणि मग विश्वास गेला तो गेला. सरळ सांगा की गाडीला ट्रॅकर आहे, कशासाठी आहे, ड्युटी संपल्यावर आम्ही बघत नाही, आणि मग खरंच बघू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झालाय, माणसाची माहिती घेताना त्याला कळवणं आणि संमती हे त्याच्या गाभ्यात आहे, तर नेमणुकीच्या कागदावर एक ओळ लिहून सही घेऊन टाका. ड्रायव्हरला पण फायदा सांगा ना, हमालांनी चार तास गाडी रिकामी केली नाही तर थांबल्याच्या भाड्यासाठी पुरावा त्याच्याकडेच असतो. व्यापाऱ्याला लोकेशन द्यायचं असेल तर स्वतःचा लॉगिन देऊ नका, ठराविक वेळेनंतर बंद होणारी लिंक पाठवा.

१२. टोल, मॅप आणि अफवा

"ट्रॅकर लावला की टोल आपोआप कापणार" असा मेसेज फिरतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने नियम बदलून उपग्रहावर आधारित टोलची तरतूद केली हे खरं, पण १ मे २०२५ पासून देशभर तो सुरू करण्याचा निर्णय झालेला नाही असं रस्ते वाहतूक मंत्रालयानेच एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं. आणि तुम्ही बाजारातून आणलेल्या ट्रॅकरचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मॅप मात्र खरंच सुधारलेत. १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्राने नकाशा-सर्वेक्षणाच्या परवानग्यांचे नियम सैल केले, भारतीय कंपन्यांना मोकळीक मिळाली, आणि जुलै २०२२ मध्ये गुगलचं स्ट्रीट व्ह्यू जेव्हा पहिल्या दहा शहरांत सुरू झालं त्यात नाशिक होतं. नव्या ड्रायव्हरला अंबड-सातपूरमधल्या कंपनीचं गेट दाखवायला ते फार उपयोगी पडतं. मॅपल्स हे भारतीय मॅपचं ॲप पण टाकून ठेवा, काही ठिकाणी त्यात गल्ल्या जास्त बरोबर असतात.

१३. गाडी विकताना, घेताना

गाडी विकली की ट्रॅकर काढा किंवा खात्यातून गाडी डिलीट करा. नुसतं ॲप अनइन्स्टॉल करून भागत नाही, डिव्हाईस पाठवत राहतं आणि तुम्हाला दुसऱ्याची गाडी दिसत राहते, उद्या काही झालं तर तुम्हालाच विचारणा. सेकंडहॅण्ड गाडी घेताना उलटं करा, वायरमनकडून डॅशबोर्डखाली आणि ओबीडी सॉकेटला एकदा बघून घ्या, फायनान्सवाल्याने किंवा जुन्या मालकाने लावलेला डबा बऱ्याचदा सापडतो. सापडला तर स्वतः वायर कापू नका, मध्ये रिले असेल तर गाडी सुरूच होणार नाही. लोन असेल तर आधी फायनान्सवाल्याला फोन, नसेल तर जुन्या मालकाला आयएमईआय पाठवून खात्यातून काढायला लावा, त्याचा स्क्रीनशॉट आला की मग उरलेले पैसे द्या.